उडीचा जमाखर्च

बँकेच्या नियमांबद्दल लोकांचा एक जुना गैरसमज आहे. त्यांना वाटतं, हेड ऑफिसात अपचनाचा त्रास असलेला कुणी साहेब बसलेला असतो आणि गिऱ्हाइकांचा छळ व्हावा म्हणून तो रोज एक नवा नियम काढतो. अपचनाचं मी नाकारत नाही. बाकीचं मात्र खोटं आहे. बँकेतला प्रत्येक नियम म्हणजे कुठल्या तरी अफरातफरीचं स्मारक असतं. चेकवर रक्कम अक्षरी लिहून पुढे 'फक्त' का लिहायचं? तर त्या मोकळ्या जागेत कधी काळी कुणी तरी 'हजार' लिहून गेलेला असतो. तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे का? तर कधी काळी त्या एकाकडेच होत्या! आम्ही आपले नोकरीला चिकटल्या दिवसापासून या स्मारकांना फुलं वाहत असतो आणि काउंटरपलीकडचं गिऱ्हाईक म्हणत असतं, "काय हो हा वेळकाढूपणा!"

हे तत्त्वज्ञान मला बँकेच्या दाराबाहेर कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. पडलं ते एका उड्या मारायच्या साधनामुळे. त्याचं नाव ट्रॅम्पोलिन.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. (बँकेच्या प्रवाससवलतीत न्यू जर्सी बसत नाही, याची मी निघण्यापूर्वी दोनदा खात्री करून घेतली होती. एकदा आशेनं आणि एकदा सवयीनं.) मे महिन्यात तिच्याकडे गेलो तेव्हा तिच्या मागच्या अंगणात चौदा फूट व्यासाचं एक लोखंडी कडं चार पायांवर उभं होतं. राक्षसाच्या स्वयंपाकघरातली पिठाची चाळणी, पण जाळी निघालेली, असं काहीसं ते दिसत होतं. त्याची काळी चादर, कडेच्या गाद्या आणि भोवतीची उंच जाळी हिवाळाभर गॅरेजात घडी घालून ठेवलेली असते. आपल्याकडे ऊन तापलं की माळ्यावरून माठ खाली येतो, तसं तिकडे हे सामान बाहेर येतं.

मेहुण्यांनी स्वतः हत्यारं घेतली आणि माझ्या हातात माहितीपुस्तिका दिली. "दादा, तुम्ही वाचत जा, मी जोडत जातो." कारकुनाला बरोबर ओळखणारा माणूस! मी पुस्तिका उघडली आणि परदेशात आल्यापासून पहिल्यांदा मला घरी आल्यासारखं वाटलं. पहिल्या काही पानांत उडी कशी मारायची याचा उल्लेखही नव्हता. होतं ते सगळं काय करायचं नाही याबद्दल. एका वेळी एकानंच उडी मारावी. कोलांटउडी मारू नये. वापर संपला की शिडी काढून ठेवावी. वर झाडाची फांदी किंवा विजेची तार नसावी. वारा सुटण्यापूर्वी जमिनीला जखडावे. मोठं माणूस हजर असल्याखेरीज वापरू नये. ही तर आमच्या हेड ऑफिसच्या सर्क्युलरची भाषा! एवढी स्मारकं आहेत त्या अर्थी मागे केवढ्या तरी लढाया झालेल्या असणार, असं मनाशी म्हटलं आणि त्या लढाया शोधायचा मला चाळाच लागला.

तर वाचकहो, या प्रकरणाची सुरुवात सर्कशीत होते. साल १९३०. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जॉर्ज निसेन नावाचा सोळा वर्षांचा पोरगा सर्कस बघायला गेला. झुल्यावरचे कसरतपटू खेळ संपला की खालच्या संरक्षक जाळ्यात उडी टाकत आणि तिथून एक उसळी घेऊन मग उतरत. हजारो लोकांनी ते पाहिलं, टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन जेवून झोपले. निसेनच्या डोक्यात मात्र किडा शिरला: ही उसळी एकच का? जाळं उसळतच राहिलं तर? पोरगा जिम्नॅस्टिक्स करणारा आणि पाण्यात सूर मारणारा. त्यानं आईवडिलांच्या गॅरेजात लोखंडाची चौकट आणि कॅनव्हास यांच्याशी झटापट सुरू केली. आपल्याकडे सोळाव्या वर्षी मुलानं असा पसारा मांडला असता तर वडिलांनी आधी त्यालाच उडवलं असतं.

पुढे आयोवा विद्यापीठात त्याला लॅरी ग्रिसवोल्ड हा जोडीदार भेटला आणि १९३४ साली दोघांनी मिळून आजच्या ट्रॅम्पोलिनचा खरा पूर्वज तयार केला. अँगलची चौकट, काठांना कड्या ठोकलेलं कॅनव्हास आणि या दोघांना जोडणाऱ्या स्प्रिंगा. बस्स! यातली मेख अशी, की उडी देतं ते कापड नव्हे. कापड नुसतं मध्यस्थ. माणूस वरून आदळला की त्याच्या पडण्यातला जोर स्प्रिंगा ताणून घेऊन जपून ठेवतात आणि लगेच परत करतात. ठेव स्वीकारायची आणि मागताक्षणी परत द्यायची, असा हा शुद्ध बँकिंगचा व्यवहार. फरक एवढाच, की इथे सही जुळत नाही म्हणून कुणी परत पाठवत नाही.

१९३७ साली निसेन दोन मित्रांना घेऊन मेक्सिकोत कसरतीचे खेळ करीत हिंडला. तिथे त्याच्या कानावर शब्द पडला 'ट्रॅम्पोलिन'. स्पॅनिश भाषेत सूर मारायच्या फळीला तसं म्हणतात. गड्यानं तो शब्द खिशात घातला, स्पेलिंगच्या शेपटीला इंग्रजी 'ई' जोडला आणि आपला व्यापारी शिक्का म्हणून नोंदवून टाकला. म्हणजे इतर कारखानदारांना हे साधन विकायची मुभा होती, पण नाव वापरायची नव्हती. ते बिचारे आपल्या मालाला 'रिबाउंड टम्बलर' म्हणत बसले. कोण घेणार तोंडात न मावणाऱ्या नावाची वस्तू? पुढे काय झालं, तर निसेनचं नाव इतकं घरोघर पोचलं की ते त्याचं उरलंच नाही. आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणायचे, तसं प्रत्येक उडवणाऱ्या चादरीला लोक ट्रॅम्पोलिन म्हणू लागले. यश फार झालं की मालकी सुटते, हा धडा कॉमर्सच्या तीन वर्षांत मला कुणी शिकवला नव्हता.

१९४२ साली निसेन आणि ग्रिसवोल्ड यांनी सीडर रॅपिड्स गावात कारखाना काढला. तेव्हा युद्ध पेटलेलं. सैन्याला उड्या मारायला फुरसत कुठली, असं आपल्याला वाटेल. पण अमेरिकन आरमाराच्या वैमानिकांना यावरच तालीम दिली गेली. हवेत उलटंपालटं झालं तरी आपलं डोकं कुठे आणि पाय कुठे हे माणसाला कळलं पाहिजे. (मार्चअखेरीला आमच्याही शाखेत ही तालीम उपयोगी पडेल.) १९४५ साली निसेनच्या हाती पेटंट पडलं. आणि जाहिरात? १९६० साली या गृहस्थानं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये भाड्यानं आणलेल्या कांगारूबरोबर ट्रॅम्पोलिनवर उड्या मारल्या. दोघे एकाच वेळी अधांतरी असल्याचं छायाचित्र जगभर गाजलं. आता चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलंच असेल, की 'एका वेळी एकच' हा नियम खुद्द संशोधकानं, तोही कांगारूच्या संगतीत मोडला होता. अर्थात कांगारूचा विमा होता का, हे विचारायची त्या वेळी कुणाला गरज वाटली नव्हती.

ती गरज त्याच सुमाराला उगवली. १९५९-६० च्या दरम्यान अमेरिकेत 'जंप सेंटर' नावाचं पीक आलं. मोकळा प्लॉट गाठायचा, जमिनीत खड्डे खणायचे, त्यांवर चादरी ताणायच्या आणि अर्ध्या तासाला काही सेंट घेऊन लोकांना उडवायचं. पेट्रोल पंपाशेजारी, हमरस्त्याच्या कडेला, जिथे बघाल तिथे खड्डे. पोरं उडाली, त्यांच्या आया उडाल्या, कचेरीतून परतणारे बापही टाय सांभाळत उडाले असतील. शिकवायला कुणी नाही, लक्ष द्यायला कुणी नाही. व्हायचं तेच झालं. हातपाय मोडले, माना दुखावल्या, वकील आले, वकिलांमागून विमा कंपन्या हप्ते वाढवत आल्या आणि थोडक्या काळात खड्डे बुजले. पुस्तिकेतल्या 'मोठं माणूस हजर असल्याखेरीज' या चार शब्दांखाली ते सगळे खड्डे पुरलेले आहेत.

शाळांमधून मात्र ट्रॅम्पोलिन टिकून होतं. तिथली जखम वेगळी निघाली. कोलांटी मारताना मुलगा डोक्यावर किंवा मानेवर उतरला तर मणक्यातला मज्जारज्जू दुखावतो आणि तो मुलगा आयुष्यभर खुर्चीला खिळतो. असे प्रकार मोजके होते, पण ज्याच्या घरी एक झाला त्याला सरासरी सांगून काय उपयोग? १९७७ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं शाळांच्या व्यायामातून आणि स्पर्धांतून ट्रॅम्पोलिन काढून टाका असं बजावलं. खटले आणि विम्याचे हप्ते यांनी धंद्याचं कंबरडं मोडलं आणि १९८० च्या दशकात निसेनच्या नावाच्या कंपनीनं ट्रॅम्पोलिन बनवणंच थांबवलं. ज्यानं पडणाऱ्याला झेलायचं जाळं पाहून उडी शोधली, त्याच्या कंपनीला झेलायला खाली जाळं नव्हतं.

पुस्तिकेतला 'कोलांटउडी मारू नये' हा नियम मी मेहुण्यांना वाचून दाखवला तेव्हा मला हे काही ठाऊक नव्हतं. आता तो मोठ्यानं वाचवत नाही.

शाळेनं हाकललेलं हे कार्टं १९९० च्या दशकात मागच्या दारानं घराघरांत शिरलं. गोल, स्वस्त, खोक्यात मावणारं, अंगणात उभं करायचं. किमती उतरल्या आणि हाडं मोडायचा आकडा चढला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या ट्रॅम्पोलिनवरच्या दुखापती अमेरिकेत १९९० साली अंदाजे २९,६०० होत्या, त्या १९९५ साली ५८,४०० झाल्या. पाच वर्षांत जवळजवळ दुप्पट! असं व्याज आमच्या बँकेनं दिलं असतं तर दारात रांग लागली असती. १९९९ साली त्याच अकादमीनं सांगून टाकलं, की घरी ट्रॅम्पोलिन वापरूच नका. २०१२ साली पुन्हा तेच सांगितलं, आणि त्या वेळी अभ्यासातून निघालेला मुद्दाही मांडला: सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एकाहून अधिक माणसं चादरीवर असताना होतात, आणि त्यांत सगळ्यांत लहान मुलाला वजनदार सोबत्याच्या चौदा पटींपर्यंत अधिक धोका असतो.

हे कसं, ते मी माझ्या पद्धतीनं मांडतो. समजा, अठ्ठ्याहत्तर किलोचा मामा आणि बावीस किलोची भाची एकाच चादरीवर उड्या मारताहेत. मामा आदळला, चादर खोल गेली, स्प्रिंगांनी ठेव घेतली. ती परत मिळायच्या नेमक्या क्षणी चादरीवर टेकलेली आहे भाची. मामानं केलेली जमा भाचीच्या खात्यात पडते. तिनं अर्ज केलेला नाही, तारण दिलेलं नाही, तरी तिच्या ऐपतीबाहेरचं कर्ज मंजूर होतं. ती कधी नव्हे इतकी उंच जाते. खिदळतेसुद्धा. पण कर्ज ते कर्जच. त्याची फेड एकरकमी, खाली येताना, आणि तीही कोवळ्या हाडांनी करायची असते. त्यातून ती खाली येत असताना चादर मामामुळे वर येत असेल, तर मऊ कापड फरशीसारखं लागतं. जामीनदार मामाला काही होत नाही. जामीनदाराला काही न होणारा हा जगातला एकमेव व्यवहार असावा.

शिडीची गोष्ट याहून जुनी आहे. नेब्रास्का राज्यात साधारण सहा वर्षांचा एक मुलगा रेल्वेचं इंजिन फिरवायच्या गोल चक्रावर खेळायला गेला आणि त्याचा पाय त्यात सापडला. चक्र रेल्वेचं, जमीन रेल्वेची, मुलगा न विचारता आलेला. तरीही १८७३ च्या त्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूचा निकाल कायम ठेवला. मुलाला मोह पडेल अशी धोक्याची वस्तू उघडी टाकलीत तर 'त्याला कुणी बोलावलं होतं' हे म्हणून सुटता येत नाही, असं त्यातून पुढे कायद्यात रुजलं. तेव्हापासून अंगणातली शिडी काढून ठेवायला हवी. चक्र आणि चादर यांत सव्वाशे वर्षांचं अंतर, पण मुलाचा पाय तोच. काही विमा कंपन्या तर घरी ट्रॅम्पोलिन आहे म्हटल्यावर घराचा विमाच नाकारतात.

जाळी आली ती १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. न्यूझीलंडमधले कीथ अलेक्झांडर नावाचे अभियंते मुलीसाठी ट्रॅम्पोलिन आणायला निघाले आणि त्यांच्या पत्नीनं धोक्याचं म्हणून नको सांगितलं. इतर नवरे असतात, ते दोन दिवस अबोला धरतात. या नवऱ्यानं स्प्रिंगाच काढून टाकल्या आणि चादरीखालून तिरप्या फायबरग्लासच्या काड्या लावून कडेला आदळण्यासारखं काही शिल्लकच ठेवलं नाही. पुढे जगभर ते विकलं गेलं. बायकोचा नकार इतका फायद्यात पडल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही. आमच्याकडे नकारांचा पुरवठा भरपूर आहे, पण अभियंता नाही.

इकडे अंगणात मेहुण्यांच्या स्प्रिंगा चालल्या होत्या. माझ्या भाचीनं मोजल्या, शहाण्णव. त्या एका कडेनं ओळीत लावत गेलं तर अर्ध्यावर चादर एका बाजूला पळते आणि शेवटच्या स्प्रिंगा बापजन्मी पोचत नाहीत. म्हणून आधी घड्याळातले बारा, मग सहा, मग तीन, मग नऊ, आणि नंतर मधली घरं भरत जायचं. समोरासमोर, डेबिट-क्रेडिट! 'टी'च्या आकाराचा हूक घेऊन स्प्रिंग ओढायची, हातमोजे घालायचे, बोटं मधे घालायची नाहीत. प्रत्येक स्प्रिंग लावण्यापूर्वी ताणून लांबलेली किंवा गंजलेली तर नाही हे बघायचं. चादरीचं कापड बरं दिसतं, पण उन्हानं तिची शिवण आधी कुजते. म्हणून बोट फिरवायचं ते कडेच्या टाक्यांवरून. स्प्रिंगांवरच्या गाद्या फाटल्या असतील तर नव्या आणायच्या. पाय सपाट जमिनीवर आणि जमिनीत फिरवून रोवलेल्या खिळ्यांना जखडलेले, कारण वादळात हे धूड उडून शेजाऱ्याच्या छपरावर जाऊन बसतं. उन्हाळाभर पानं झाडायची, वादळाची बातमी आली की जाळी उतरवायची. मी वाचत होतो, मेहुणे जोडत होते आणि बहीण प्रत्येक टाका पुन्हा तपासत होती. बँकेत याला मेकर-चेकर म्हणतात.

मी तिला विचारलं, "डॉक्टर मंडळी नको म्हणतात, मग हे कशाला ठेवलंस गं?"

ती म्हणाली, "दादा, तीन वर्षं इथे राहिले, शेजारच्या एका मुलाचं नाव मला ठाऊक नव्हतं. हे आणलं आणि महिन्याभरात अकरा नावं कळली. पण मी खुर्ची टाकून बसते. मी नसेन त्या दिवशी शिडी घरात."

ती खुर्चीत बसली. एक मूल आत, बाकीची गवतावर आपल्या नंबराची वाट बघत. भाची आतून ओरडत होती, "मामा, तू पण ये ना!" मी काही बोलायच्या आत उत्तर खुर्चीतून गेलं, "एका वेळी एकच."

खरी गोम इथेच आहे. २०१२ सालच्या त्या निवेदनात असंही म्हटलंय, की जाळी लावल्यानं दुखापती कमी झाल्याचं दिसत नाही, कारण बहुतेक दुखापती जाळीच्या आत, चादरीवरच होतात. उलट जाळी आहे म्हणून घरची माणसं निश्चिंतपणे आत जाऊन चहा करतात. म्हणजे खोक्यातून जाळी येते, गाद्या येतात, शहाण्णव स्प्रिंगा येतात. पण जो नियम सगळ्यांत जास्त हाडं वाचवतो त्याचा सुटा भाग कारखान्यात बनत नाही. तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असून भागत नाही. दुसरा माणूस वेळेवर जागेवर असावा लागतो.

२००० साली सिडनीला ट्रॅम्पोलिन पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं. अमेरिकन गॅरेजात जन्मलेल्या या खेळाची पुरुषांची आणि स्त्रियांची, दोन्ही सुवर्णपदकं रशियानं नेली. तरीही शहाऐंशी वर्षांचा जॉर्ज निसेन ते बघायला हजर होता. त्यानंतर तो आणखी दहा वर्षं जगला आणि २०१० साली शहाण्णवाव्या वर्षी गेला. सिडनीत त्यानं काय पाहिलं असेल? जगातले सगळ्यांत तरबेज उड्या मारणारे, ज्यांना कोलांट्या झोपेतही जमतात, ते चादरीवर एकेकटेच चढत होते. आणि प्रत्येक उडी संपेपर्यंत कडेला माणसं उभी होती. मान वर, नजर त्याच्यावर, झेलायला तयार.